विश्लेषण : ‘वेडी’ असा शिक्का बसला की खरे बोललेलेही कोण ऐकतो? नेली ब्लायने १० दिवसांत काय पाहिले?

सन १८८७. न्यूयॉर्कमधील २३ वर्षांची एक पत्रकार वेडाचे सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली आणि १० दिवसांनी बाहेर आली. तिने लिहिलेल्या वृत्तांताने शहर हादरले. शोधपत्रकारितेचा पहिला मोठा धडा म्हणून नेली ब्लायची ही कामगिरी आजही सांगितली जाते. मात्र या गोष्टीला आणखी एक, जास्त बोचणारी बाजू आहे. नेलीने जे छापले, ते आतल्या बायका कधीपासून सांगत होत्या. त्या ‘वेड्या’ होत्या, म्हणून त्यांचे कोणी ऐकले नव्हते.

नेली ब्लाय कोण होती?

तिचे खरे नाव एलिझाबेथ जेन कॉक्रन. जन्म ५ मे १८६४, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कॉक्रन्स मिल्स या गावी. गावाला नावच तिच्या वडिलांचे होते. ते गिरणीमालक होते. मात्र एलिझाबेथ सहा वर्षांची असताना ते मृत्युपत्र न करताच वारले आणि खाऊनपिऊन सुखी असलेले घर रस्त्यावर आले. आईने पुन्हा लग्न केले, पण नवरा दारुडा आणि मारहाण करणारा निघाला. आईने घटस्फोटासाठी दावा लावला, तेव्हा किशोरवयीन एलिझाबेथने न्यायालयात उभे राहून सावत्र वडिलांविरुद्ध साक्ष दिली. घरातल्या बाईचे म्हणणे खरे ठरवायला किती खटाटोप करावा लागतो, हे तिने लहानपणीच पाहिले.

शिक्षिका होण्यासाठी तिने प्रशिक्षण विद्यालयात प्रवेश घेतला, पण पैशांअभावी एका सत्रातच शिक्षण सुटले. पुढे कुटुंब पिट्सबर्गला आले. १८८५ मध्ये तिथल्या ‘पिट्सबर्ग डिस्पॅच’ या वृत्तपत्रात मुलींची जागा घरातच आहे, अशा आशयाचा स्तंभ छापून आला. एलिझाबेथने टोपणनावाने त्याला खरमरीत उत्तर पाठवले. संपादकांना पत्र इतके आवडले की त्यांनी लिहिणारीचा शोध घेण्यासाठी अंकात निवेदन छापले. ती कार्यालयात आली आणि बातमीदार झाली. त्या काळी स्त्रिया स्वतःच्या नावाने लिहीत नसत. म्हणून एका लोकप्रिय गाण्यावरून तिला नवे नाव मिळाले : नेली ब्लाय.

घटस्फोटाचे कायदे, कारखान्यांत राबणाऱ्या मुली असे विषय तिने घेतले. नंतर तिला फॅशन आणि बागकामाच्या पानावर ढकलण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ती थेट मेक्सिकोला गेली आणि सहा महिने तिथून वार्तांकन केले. १८८७ मध्ये ती न्यूयॉर्कला आली. चार महिने कोणी काम देईना. त्यातच पैशांची पर्सही हरवली. अखेर जोसेफ पुलित्झर यांच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या कार्यालयात तिने कसाबसा प्रवेश मिळवला आणि तिला पहिली कामगिरी सांगण्यात आली : ब्लॅकवेल्स आयलंडवरील स्त्रियांच्या वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण म्हणून जायचे आणि आत काय चालते ते लिहायचे. बाहेर कसे काढणार, असे तिने संपादकांना विचारले. त्याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. पण काढू, एवढा भरवसा मात्र त्यांनी दिला.

हे बेट नेमके काय होते?

ईस्ट नदीतील या चिंचोळ्या बेटाचे आजचे नाव रूझवेल्ट आयलंड. वेड्यांचे इस्पितळ तिथे १८३९ मध्ये सुरू झाले. १८४२ मध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तिथे गेले, तेव्हाही तिथली अवस्था पाहून त्यांना उबग आला होता. बेटावर केवळ इस्पितळ नव्हते. तुरुंग, श्रमगृह, अनाथ-निराधारांचे भिक्षागृह आणि गरिबांचा दवाखाना हे सगळे तिथेच होते आणि या सर्वांचा कारभार शहराच्या एकाच खात्याकडे होता.

ही व्यवस्था बरेच काही सांगते. गुन्हेगार, भिकारी आणि मनोरुग्ण हे तिघेही शहराच्या नजरेपलीकडे ठेवायचे, आणि मध्ये नदी असली की बरे, असा तो हिशेब होता. नेली गेली तेव्हा इस्पितळात सुमारे १,६०० स्त्रिया होत्या. त्यांत परदेशांतून आलेल्या गरीब बायकांचा भरणा मोठा होता.

वेडाचा दाखला मिळवणे किती कठीण होते?

नेलीला सर्वाधिक धास्ती डॉक्टरांची होती. तज्ज्ञांना आपण फसवू शकणार नाही, असे तिला वाटत होते. घरी आरशासमोर उभी राहून तिने डोळे विस्फारून एकटक बघण्याचा सराव केला. जुने कपडे घातले आणि ‘नेली ब्राऊन’ या नावाने स्त्रियांच्या एका स्वस्त वसतिगृहात खोली घेतली.

तिथे तिने केले तरी काय? रात्रभर झोपली नाही. इतर बायका आपल्याला वेड्या वाटतात, त्यांची भीती वाटते, असे सांगत राहिली. आपल्या सामानाची विचारपूस करत राहिली. एवढे पुरेसे होते. सकाळी पोलिस आले. न्यायाधीशांसमोर तिला उभे केले गेले. ते मनाचे मवाळ होते. ही कोणा चांगल्या घरची चुकलेली मुलगी असावी, असे त्यांना वाटले. तिथून तिची रवानगी बेलव्ह्यू रुग्णालयात झाली. डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, डोळे पाहिले, काही प्रश्न विचारले आणि तिला पक्की वेडी, बरी होण्याची आशा नसलेली रुग्ण ठरवले. दरम्यान, इतर वृत्तपत्रांनी या अनोळखी सुंदर मुलीबद्दल बातम्याही छापल्या. ही आपल्यातलीच एक बातमीदार आहे, हे कोणाच्याही लक्षात आले नाही.

बेलव्ह्यूहून होडीतून तिला बेटावर नेण्यात आले. याच वळणावर नेलीने एक निर्णय घेतला होता. बेटावर पाऊल ठेवल्यापासून सोंग पूर्ण बंद करायचे. रोजच्यासारखे बोलायचे, रोजच्यासारखे वागायचे.

आत तिने काय पाहिले?

पहिल्याच संध्याकाळी तिला अंघोळीला नेले. पाणी बर्फासारखे गार. एका रुग्ण बाईने तिला खसाखसा घासले आणि मग डोक्यावर एकापाठोपाठ बादल्या ओतल्या. एकीच्या अंघोळीनंतर त्याच पाण्यात दुसरी, मग तिसरी. पाणी घट्ट झाले की मगच टब रिकामा होई. अंगावर पुरळ उठलेल्या बायकांसह सगळ्यांना पुसायला दोनच पंचे. ओल्या केसांनी तिला झोपायला पाठवले गेले.

जेवण म्हणजे बेचव पातळ चहा, खवट लोणी लावलेला पाव आणि मोजून दिलेले सुके आलुबुखार. मांस खराब, मीठ नाही. परिचारिकांना मात्र तिथेच ताजी फळे आणि चांगले मांस मिळत असे, आणि ते उपाशी रुग्णांच्या डोळ्यांसमोरून नेले जाई. थंडी वाढली तरी अंगावर पातळ सुती कपडे. कुडकुडणाऱ्या बायकांनी शाल मागितली तर दटावणी मिळे.

पण नेलीला सर्वांत भयंकर वाटली ती बाकांवरची शिक्षा. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत ताठ बाकांवर बसून राहायचे. बोलायचे नाही, हलायचे नाही. वाचायला काही नाही, बाहेरच्या जगाची खबर नाही. धडधाकट बाईलाही असे दोन महिने बसवले तर ती शरीराने आणि मनाने खचून जाईल, असा तिचा निष्कर्ष होता. जी जागा मन बरे करण्यासाठी होती, ती मन मोडण्याचे काम करत होती.

अधिक आजारी समजल्या जाणाऱ्या बायकांना फिरायला नेताना कमरेला रुंद चामडी पट्टे बांधून एकाच लांब दोराला जोडलेले असे. मारहाण, केस उपटणे, गळा दाबणे, पाण्यात डोके धरणे यांच्या हकिकती तिने रुग्णांकडून ऐकल्या आणि काही प्रकार स्वतः पाहिले. डॉक्टरांकडे तक्रार करणाऱ्या बाईला नंतर परिचारिकांकडून अधिक मार बसे. त्यामुळे बहुतेक जणी गप्प राहायला शिकल्या होत्या.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेने टिपली. रात्री प्रत्येक खोलीला वेगळे कुलूप लावले जाई. आग लागली तर इतकी दारे एकेक करून उघडणार कोण? एका टोकाला दांडा फिरवला की रांगेतील सगळी दारे एकदम उघडतील अशी सोय का करत नाही, असे तिने डॉक्टरांना विचारले. प्रश्न एखाद्या अभियंत्याला शोभेल इतका नेमका होता. पण विचारणारी रुग्ण होती.

शहाण्यासारखे बोलूनही उपयोग का झाला नाही?

नेलीच्या वृत्तांताचा गाभा इथे आहे. ती जितकी नीट बोले, तितकी तिची बाब अधिक गंभीर समजली जाई. आपल्याला पुन्हा तपासा, असा आग्रह धरणे हेसुद्धा वेडाचेच लक्षण ठरे. पहिल्या तपासणीत तर डॉक्टरांचे लक्ष समोरच्या रुग्णापेक्षा शेजारच्या परिचारिकेशी गप्पा मारण्याकडे जास्त होते, असे तिने नोंदवले आहे.

पेन्सिलीचा प्रसंग याचा उत्तम नमुना आहे. नेलीने येताना वही आणि पेन्सिल आणली होती. दोन्ही काढून घेतल्या गेल्या. वही परत मिळाली, तेव्हा तिने पेन्सिलही मागितली. परिचारिकेने तिला गप्प बसवले. काही दिवसांनी तिने डॉक्टरांकडे विषय काढला. डॉक्टरांनी परिचारिकेला विचारले. तिने सांगितले की, बाईने फक्त वही आणली होती, पेन्सिल नव्हतीच. नेलीने ठामपणे पुन्हा सांगितले, तेव्हा तिला मनातल्या अशा कल्पनांशी झगडण्याचा सल्ला देण्यात आला. एका बाजूला परिचारिकेचा शब्द, दुसऱ्या बाजूला ‘वेडी’चा. निकाल आधीच लागलेला होता.

तिच्याबरोबरच्या बायकांची कहाणी याहून वाईट होती. अतिश्रमाने आजारी पडलेली एक मोलकरीण होती. उपचारांचे पैसे संपल्यावर तिला इथे पाठवले होते. एक जर्मन बाई होती; तिला इंग्रजी येत नव्हते आणि दुभाषा बोलावण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. आपण कुठे आलो, का आलो, हे तिला समजले नाही आणि तिचे म्हणणेही कोणाला समजले नाही. खुनाच्या आरोपीलाही बाजू मांडण्याची संधी मिळते. या बाईला तीही नव्हती, याची चीड नेलीच्या लिखाणात दिसते.

लेख छापून आल्यावर काय घडले?

१० दिवसांनंतर ‘वर्ल्ड’ने वकील पाठवून तिची सुटका करून घेतली. ९ आणि १६ ऑक्टोबर १८८७ च्या अंकांत तिचे दीर्घ लेख आले आणि त्याच वर्षी ‘टेन डेज इन अ मॅड-हाऊस’ हे पुस्तक. ज्या डॉक्टरांनी तिला वेडी ठरवले, ते सारवासारव करू लागले. ग्रँड ज्युरी, म्हणजे नागरिकांचे चौकशी मंडळ, नेमले गेले. नेलीने त्यापुढे साक्ष दिली आणि मंडळाबरोबर पुन्हा बेटावर गेली. तोवर चित्र पालटले होते. स्वयंपाकघर लख्ख, पाव पांढराशुभ्र, मिठाची पिंपे दर्शनी भागात मांडलेली. ज्यांच्याबद्दल तिने लिहिले होते, त्यातील काही बायका हलवल्या किंवा सोडल्या गेल्या होत्या. तरीही मंडळाने तिच्या शिफारशींना पाठिंबा दिला.

मनोरुग्णांसाठीच्या तरतुदीत १० लाख डॉलरची वाढ झाली, असे नेलीने पुस्तकात लिहिले. या श्रेयाबाबत थोडी सावधगिरी हवी. खात्याचे अंदाजपत्रक वाढवण्याचा विचार आधीपासून सुरू होता. तिच्या लेखांनी त्याला जोर दिला, एवढे निश्चित. १८९० च्या दशकात त्या इस्पितळातील रुग्णांना दुसऱ्या बेटावर हलवण्यात आले. जुन्या इमारतीचा अष्टकोनी मनोरा तेवढा उरला असून आज तो एका निवासी संकुलाचा भाग आहे.

तिच्या आधी कोणी बोललेच नव्हते का?

बोलले होते. १८७२ मध्ये ज्युलियस चेंबर्स या बातमीदाराने न्यूयॉर्कच्याच एका खासगी आश्रयगृहात असेच सोंग घेऊन प्रवेश केला होता. त्याआधी इलिनॉय राज्यात एलिझाबेथ पॅकार्ड या सहा मुलांच्या आईला धर्मविषयक मतभेदांवरून नवऱ्याने १८६० मध्ये वेड्यांच्या इस्पितळात टाकले. विवाहित स्त्रीला केवळ नवऱ्याच्या अर्जावर दाखल करता येईल, अशी मुभा तिथला कायदा देत होता. तीन वर्षांनी ती बाहेर आली, ज्युरीने तिला शहाणी ठरवले आणि पुढे तिने कायदे बदलून घेतले.

या तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. चेंबर्स आणि नेली मुळात आजारी नव्हते. पॅकार्डला न्यायालयाने शहाणी ठरवले. म्हणजे इस्पितळाबद्दलची तक्रार खरी मानली जाण्यासाठी आधी आपण वेडे नाही, हे सिद्ध करावे लागत होते. लोकांना धक्का बसला तो शहाणी मुलगी आत अडकल्याचा. जी खरोखर आजारी होती, तिला गार पाण्याखाली धरले जात होते, हा धक्का दुय्यम राहिला. नेलीच्या लेखांतही सर्वाधिक जागा तिला शहाण्या वाटलेल्या बायकांना मिळाली आहे. तिच्या कामगिरीचे बळ आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत.

हे कोडे फुटायला आणखी दोन दशके गेली. येल विद्यापीठाचा पदवीधर क्लिफर्ड बीअर्स तीन वर्षे वेगवेगळ्या मनोरुग्णालयांत होता. आपण आजारी होतो, हे न लपवता त्याने १९०८ मध्ये आत्मकथन लिहिले आणि पुढच्याच वर्षी मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी राहण्यात पुढाकार घेतला. रुग्णानेच रुग्णांच्या वतीने बोलावे आणि लोकांनी ते ऐकावे, याला तिथून बळ मिळाले.

नेलीचे पुढे काय झाले?

१४ नोव्हेंबर १८८९ रोजी ती एकच हातबॅग घेऊन जगप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवसांत परतली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील ८० दिवसांचा विक्रम तिने प्रत्यक्षात मोडला आणि जगभर प्रसिद्ध झाली. १८९५ मध्ये तिने वयाने ४० हून अधिक वर्षे मोठ्या असलेल्या रॉबर्ट सीमन या उद्योगपतीशी लग्न केले. त्याच्या निधनानंतर तिने लोखंडी डबे-पिंपांचा कारखाना चालवला, स्वतःच्या नावावर पेटंटही घेतली. पण कर्मचाऱ्यांच्या अफरातफरीने कंपनी बुडाली. पहिल्या महायुद्धात ती ऑस्ट्रियाच्या आघाडीवरून वार्तांकन करत होती. न्यूयॉर्कला परतल्यावर तिने स्तंभलेखनासोबत निराधार मुलांना घरे मिळवून देण्याचे काम केले. २७ जानेवारी १९२२ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. तेव्हा ती ५७ वर्षांची होती. २०२१ मध्ये रूझवेल्ट आयलंडवर तिचे स्मारक उभे राहिले.

भारतात आज कायदा काय सांगतो?

नेलीला आगीची जी भीती वाटली होती, ती भारतात खरी ठरली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मरण पावले. त्यांना पळताच आले नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडांवर बंदी घातली आहे. या कायद्यातील हक्कांची यादी वाचली की ब्लॅकवेल्स आयलंड आठवते : स्वच्छ जागा, पुरेसे अन्न, खासगीपणा, स्वतःचे कपडे घालण्याची मुभा, सक्तीच्या मुंडणाला मनाई, मारहाण आणि शिवीगाळीपासून संरक्षण, करून घेतलेल्या कामाचा मोबदला.

त्याहून महत्त्वाच्या तीन तरतुदी आहेत. एक, आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत वा नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते. दोन, पूर्वी मनोरुग्णालयात दाखल होता, एवढ्याच कारणावरून कोणाला आज मनोरुग्ण ठरवता येत नाही. तीन, मानसिक आजाराचे निदान झाले, म्हणजे ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने अस्थिर बुद्धीची आहे, असे आपोआप मानता येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा निर्णय लागतो.

थोडक्यात, आजारी माणसाच्या शब्दाला किंमत आहे, हे कायद्याने मान्य केले आहे. घरात आणि कचेरीत मात्र ते अजून मुरलेले नाही. कोणी वेगळे बोलले की त्याला ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवा, असा विनोद महाराष्ट्रात आजही सर्रास होतो. त्या विनोदाचा परिणाम असा की, ज्याला झोप लागत नाही, भास होतात किंवा जगणे नकोसे वाटते, तो ते बोलायला कचरतो. बोलला तर त्याच्या पुढच्या प्रत्येक बोलण्यावर शंका घेतली जाईल, ही भीती त्याला असते. नेलीची पेन्सिल खरी होती. घरातले कोणी त्रास होतोय असे सांगत असेल, तर पहिली पायरी म्हणजे ते खरे आहे असे धरून ऐकणे.

मानसिक त्रास होत असल्यास केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.